नावानिशी ओळख (ख्रिस्ती श्रद्धा)

देव आपल्याला गर्दीतला एक म्हणून ओळखत नाही, नावानिशी ओळखतो आणि ओळखूनही प्रेम करतो, या जाणिवेतून मिळणारा धीर. मराठी ख्रिस्ती बोलीत याला बहुधा ‘सांत्वन’ म्हणतात. नाशिक परिसरातल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या उपासक समुदायांत, ही कल्पना उपदेशापेक्षा प्रार्थनेच्या भाषेत, बाप्तिस्म्यात आणि आजाऱ्याच्या उशाशी जास्त भेटते.

‘देवाची ओळख’ या मराठी शब्दप्रयोगाचे दोन अर्थ होतात: माणसाला झालेली देवाची ओळख आणि देवाला असलेली माणसाची ओळख. सांत्वनाचा भार दुसऱ्या अर्थावर आहे. बायबलमधल्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल ‘तुम्ही देवाला ओळखता’ असे म्हणता म्हणता स्वतःला दुरुस्त करतो: खरे तर देवानेच तुम्हाला ओळखले आहे. माणसाची श्रद्धा पातळ झाली, प्रार्थना सुचेनाशी झाली, तरी पलीकडची ओळख पुसली जात नाही, असा त्याचा रोख. बायबलच्या पहिल्या भागातला, जुन्या करारातला, सर्वांत जिवंत दाखला हागारेचा आहे. घरातून पळालेली ही गर्भवती दासी रानात झऱ्यापाशी असताना देवदूत तिला तिच्या नावाने हाक मारतो. मग तीच देवाला नाव देते: पाहणारा देव. यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायातील नाव घेऊन मारलेली हाक, मेंढरांना एकेकाच्या नावाने बोलावणारा योहानाच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ आणि देवाने मोजलेले डोक्यावरचे केस ही याच धाग्यावरची वचने.

स्तोत्र 139 मात्र जपून वाचावे लागते. सांत्वनाचे स्तोत्र म्हणून ते नेहमी वाचले जाते, पण त्यातला भक्त आधी धास्तावलेला आहे. माझे बसणे-उठणे तुला ठाऊक, तुझ्यापासून पळू तरी कुठे, असे तो विचारतो. नुसते ओळखले जाणे सुखाचे नसतेच. सावकारही नावानिशी ओळखतो. सगळे ठाऊक असणारा आपल्या बाजूचा आहे, हे पटल्यावरच त्या ओळखीचा आधार होतो.

मराठीत या कल्पनेला जमीन आधीच तयार होती. विठोबाला ‘तू’ म्हणायचे, रुसून बोलायचे, त्याला माउली म्हणायचे, ही संतांची रीत. ख्रिस्ती प्रार्थनेने तोच एकेरी स्वर उचलला. नाशिकच्या कित्येक जुन्या ख्रिस्ती घरांत वडिलांना आजही ‘तुम्ही’ म्हणतात, पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, तर म्हणतातच. स्वर्गातल्या पित्याला मात्र ‘तू’. दुसरा शब्द ‘लेकरू’. दवाखान्यात खाटेजवळ उभा राहिलेला तिशीतला पाळक सत्तरीच्या आजीसाठी प्रार्थना करताना ‘प्रभू, तुझ्या या लेकराला’ म्हणतो, पुढे तिचे नाव घेतो, आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. नाव घ्यायचे राहिले, तर नातेवाईक मध्येच हळूच सांगतात. देवाला नाव ठाऊकच आहे, मग सांगायचे कशाला, हा प्रश्न तर्काला धरून आहे; पण ते नाव खाटेवरच्या माणसाच्या कानावर पडावे लागते.

नाशिकशी या श्रद्धेचा ऐतिहासिक धागा शरणपूरला जुळतो. 1850च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने शहराबाहेर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. विल्यम प्राइस हे तिथले प्रमुख मिशनरी. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामवाहू गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले इथे ठेवली जात, शिक्षण आणि हातकाम शिकत. ‘शरण’ या शब्दातला आसरा त्यांना शब्दशः मिळाला. पण त्याची किंमतही होती. मुलांना नवी इंग्रजी नावे मिळाली आणि आईने ठेवलेली नावे मागे पडली. नावानिशी ओळखणाऱ्या देवाची शिकवण देताना मुलांचे नावच बदलावे, ही विसंगती त्या काळच्या मिशनऱ्यांना फारशी खुपलेली दिसत नाही.

त्यांच्यापैकी पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा जेकब वेनराइट पुढे स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी आफ्रिकेत गेला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय पुरताना वेनराइटनेच दफनविधीची प्रार्थना वाचली आणि तिथल्या झाडावर मृताचे नाव कोरले. वेनराइटचे स्वतःचे जन्मनाव मात्र इतिहासात ठळक उरले नाही. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनच्या देहाच्या दफनात शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. शरणपूरच्या आफ्रिकी रहिवाशांपैकी अनेक जण पुढे मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत गेले.

नाशिकजवळच्या जलालपूरला 1868 मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची वाट वेगळी. माहेरी सोवळे कमालीचे कडक. पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथेत हे सारे हसतखेळत येते, आणि म्हणूनच अधिक लागते. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या घाटात ख्रिस्तभक्ती बांधली, तेव्हा देवाशी सलगी करण्याची मराठी सवय चर्चमध्ये रुळली. त्यांची गीते आजही रविवारच्या उपासनेत म्हटली जातात.

कॅथलिक परंपरेत हीच जवळीक नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात दिसते. प्राग शहरातल्या ज्या बाळ येशूच्या मूर्तीची ही भक्ती, ती 1628 मध्ये तिथल्या कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठाला दान मिळाली. नाशिकरोडला फेब्रुवारीत यात्रा भरते. सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन रांगेत उभे राहतात. धर्मशास्त्राचा काटेकोर अभ्यासक नवसाला आणि सांत्वनाला वेगवेगळ्या खणांत ठेवेल. रांगेतल्या बाईला तो भेद पडत नाही. तिला आपले गाऱ्हाणे कुणीतरी वैयक्तिक ऐकून घ्यायला हवे असते.

या श्रद्धेवरचा गंभीर आक्षेप नाशिकच्याच मातीतला आहे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. देव मनातून ओळखतो, एवढ्यावर समाधान मानायचे, तर दाराशी उभे राहण्याचे कारणच उरत नाही. खासगी दिलासा अन्यायाला सोयीचा पडू शकतो. ख्रिस्ती मंडळ्यांतूनही जात पुरती गेली नाही, हेही इथेच नोंदवायला हवे.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक बाळाचे नाव विचारतो आणि ओंजळीतले पाणी डोक्यावर घालताना तेवढेच नाव उच्चारतो. आडनाव घेतले जात नाही. विधीनंतर मात्र रजिस्टरात आईबापांसह सगळे लिहिले जाते. इकडे गोदाकाठच्या रामकुंडावरच्या क्षेत्रोपाध्यायांकडे, म्हणजे तीर्थपुरोहितांकडे, यजमानांच्या नामावळीच्या चोपड्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले, की गुरुजी पान काढून पणजोबांची सही दाखवतात. धर्मांतर केलेल्या घराण्याची नोंद त्या चोपडीत साहजिकच एका पिढीशी थांबते. आणि ज्यांच्या पूर्वजांना क्षेत्राची पायरीच चढू दिली नव्हती, त्यांच्या घराण्याचे पहिले लिहिलेले नाव अनेकदा चर्चच्या रजिस्टरातच सापडते, कधी नुसते, आडनावाशिवाय.