चोर सोडून चार्जरला फाशी

रिमोटची विमानं आणि गाड्या चालवणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "चार्जर गेला." लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी दोन-दोन तास लावून ठेवली तरी चार्जिंग संपत नाही, किंवा चार्जर मध्येच पीं-पीं करून बंद पडतो. मग नवा मागवला जातो आणि तोही तेच नखरे करतो. कारण दोष पुष्कळदा चार्जरच्या अलीकडे, म्हणजे त्याला वीज देणाऱ्या अडॅप्टरमध्ये असतो, नाहीतर पलीकडे, म्हणजे बॅटरीच्या प्लगमध्ये.

अलीकडचा दोष सोपा. 3 सेलची (एकापुढे एक जोडलेल्या तीन घटकांची) 2200 एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी 2.2 अँपिअरने भरताना शेवटी 12.6 व्होल्ट द्यावे लागतात, म्हणजे जवळपास 28 वॉट. चार्जर तापण्यात जे जातं ते धरून त्याला 34-35 वॉट तरी हवेत. घरात पडून असलेला 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा अडॅप्टर देणार 24. व्होल्टेज कोसळतं, चार्जर रीसेट होतो. करंट 1 अँपिअरवर आणून बघा. तेव्हा सुरळीत चालला तर अडॅप्टर बदला.

पलीकडचा दोष जास्त मजेदार आहे. बॅटरीच्या पांढऱ्या बॅलन्स प्लगमध्ये 3 सेलसाठी 4 तारा असतात: दोन टोकांच्या दोन, आणि सेलच्या सांध्यांवरच्या दोन. चार्जर याच तारांतून प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजतो. जो सेल पुढे गेला असेल त्यातला थोडा करंट, समजा 200 मिलिअँपिअर, एका रोधकातून जाळतो, म्हणजे मागचे सेल त्याला गाठतात. मोजायची तार आणि रिकामं करायची तार एकच. मेख इथेच आहे.

आता सेल 1 आणि 2 यांच्या सांध्यावरची पिन सैल झाली आणि तिथे 0.2 ओहम रोध आला असं धरा. ओहमचा नियम लावा: 0.2 गुणिले 0.2, म्हणजे 40 मिलिव्होल्ट त्या पिनवरच खर्च. चार्जर सेल 1 रिकामा करत असताना सेल 1 तेवढा कमी दिसतो, आणि तार सामाईक असल्यामुळे सेल 2 बरोबर तेवढाच जास्त. चार्जर फसतो आणि सेल 2 जाळायला घेतो. आता त्याच तारेतून करंट उलट वाहतो, म्हणून सेल 1 जास्त दिसू लागतो. झाला सी-सॉ सुरू! मोजताना क्षणभर जाळणं थांबवणारे चार्जर यात फसत नाहीत, पण स्वस्तातले सगळेच तेवढे शहाणे नसतात.

म्हणून स्क्रीनकडे नीट बघा. शेजारचे दोन सेल सारख्याच आकड्याने एक वर, एक खाली होत असतील आणि चार्जिंग थांबवताच फरक नाहीसा होत असेल, तर पिन किंवा तार दोषी. थांबवल्यावरही फरक राहिला तर बॅटरी काढून मल्टिमीटर 20 व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि प्लगवर एकेक सेल मोजा. प्रोबच्या टोकाने शेजारच्या दोन पिना जोडल्या जाऊ देऊ नका. मीटर अर्धा टक्का चुकत असला तरी तिन्ही सेलना सारखाच चुकतो, त्यामुळे तुलना खरी असते. मीटरवर तिन्ही 4.15 आणि स्क्रीनवर तिसरा 4.09 असेल, तर या खेपेला गुन्हेगार खरोखर चार्जर. साध्या चार्जरमध्ये तिसरा सेल थेट मोजला जात नाही. तळापासूनच्या दोन मोठ्या व्होल्टेजची (तिन्ही सेलचं मिळून आणि पहिल्या दोघांचं मिळून) वजाबाकी केली जाते, आणि 12.6 मधली अर्ध्या टक्क्याची चूक म्हणजे 63 मिलिव्होल्ट, ती सगळी त्या एका सेलच्या माथी. कॅलिब्रेशनचा (मोजमाप जुळवून घ्यायचा) मेनू असेल तर ती दुरुस्त होते. नसेल तर तो चार्जर बाद करा, कारण कमी दाखवणारा चार्जर सेलला 4.2 व्होल्टच्या, म्हणजे पूर्ण भरल्याच्या, वर ढकलतो.

एखाद्या सेलचं व्होल्टेज 3 व्होल्टच्या बरंच खाली गेल्यावर चार्जर नकार देतो, तो मात्र बिघाड नव्हे. अशी बॅटरी फ्रीजमध्ये ठेवून किंवा चार्जरच्या निकेल मोडमध्ये (निकेलच्या बॅटऱ्यांसाठीच्या सेटिंगवर) लावून "जिवंत" करायचे व्हिडिओ म्हणजे निव्वळ अंगारे-धुपारे. निकेलची बॅटरी भरली की तिचं व्होल्टेज किंचित घसरतं आणि चार्जर त्या खुणेवर थांबतो. लायपोत ती खूणच येत नाही, त्यामुळे चार्जर भरतच राहतो आणि बॅटरी पेटू शकते.

सैल पिन दुरुस्त करायची तर सुईने प्लगमधली बारीक खाच दाबून एकच तार मागे ओढा, आतली पत्र्याची जीभ किंचित वाकवा, पिन परत बसवा, मगच पुढची काढा. पिन काळी पडली असेल तर नवी लावा. दोन उघड्या पिना एकमेकींना लागल्या तर तारेवरचं प्लास्टिक हातातच वितळतं.