तपकिरी आधी की नंतर? वॉर्म टोन आणि सेपिया

गेल्या दिवाळीत रामबागेतला माझा आतेभाऊ दोन फोटो पिशवीत घालून आला. एक आमच्या आजोबांचा, फेटा बांधलेला, कैक वर्षं बैठकीत टांगलेला. दुसरा त्याच्या मुलीचा, मीच डार्करूममध्ये छापून दिलेला. दोन्ही सोफ्यावर शेजारी ठेवून म्हणाला, "दोन्ही सेपियाच ना? मग आजोबा पिवळट आणि चिंगी लालसर का? मला सेम आजोबांसारखी करून दे."

दोन्हींतला एकही सेपिया नव्हता.

दोष त्याचा नाही. मोबाइलमध्ये तपकिरी फिल्टरला सरसकट सेपिया म्हणतात, म्हणून जुनं आणि तपकिरी दिसलं की सेपिया, असा सगळ्यांचाच समज झालाय. मूळ शब्द माकुळाच्या शाईवरून आला. फोटोत माकूळ कुठेच नसतो.

चिंगीच्या फोटोतली झाक वॉर्म टोन कागदाची. इल्फर्डचा मल्टिग्रेड वॉर्मटोन किंवा फोमाचा फोमाटोन हे यातले ठाऊक कागद. यांच्या इमल्शनमध्ये, म्हणजे कागदावरच्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या थरात, सिल्व्हर ब्रोमाइडच्या जोडीला सिल्व्हर क्लोराइडही असतं, आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, त्यातून निघणारे चांदीचे कण फार बारीक राहतात. कण जाड असले की काळा रंग थंड, निळसर वाटतो. बारीक झाले की ते निळा प्रकाश जास्त गिळतात आणि तोच काळा तपकिरीकडे झुकतो. म्हणजे या फोटोत चांदीच आहे, फक्त बारीक दळलेली.

म्हणून ही झाक लाल दिव्याखाली, चित्र उमटता उमटताच ठरते. ती वाढवायची तर डेव्हलपर पातळ करायचा, त्यात पोटॅशियम ब्रोमाइड वाढवायचं, एनलार्जरखाली (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) प्रकाश थोडा जास्त द्यायचा आणि प्रिंट ट्रेमधून जरा लवकर उचलायचा. फार लवकर उचलला तर सावल्यांत ढगासारखे डाग राहतात, तेव्हा हात आवरता घ्यावा. इंदूरच्या जानेवारीत आणखी एक त्रास. वॉर्म टोनच्या पुष्कळ डेव्हलपरांची भिस्त हायड्रोक्विनोनवर असते, आणि १३ अंशांच्या खाली ते जवळपास झोपी जातं. आमची डार्करूम म्हणजे जुन्या वाड्यातली मोरी, फरशी बर्फासारखी. एका रात्री तीन प्रिंट राखाडी आणि मरगळलेले आले तेव्हा मी कागदाला शिव्या घातल्या. दोष थंडीचा होता. आता मोठ्या परातीत कोमट पाणी घेऊन त्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवतो आणि २० अंश सांभाळतो.

फसवणारी गोष्ट एकच: या कागदांचा पाया बहुधा सायीच्या रंगाचा असतो. कडेची पांढरी पट्टी पिवळसर दिसली म्हणून चित्रही तपकिरीच असेल असं धरू नये. शेजारी साध्या कागदावरचा प्रिंट ठेवून गडद सावल्या बघाव्यात. आणि निकाल वाळल्यावरच लावावा, कारण ओला प्रिंट झाकेबद्दल हमखास खोटं बोलतो.

सेपियाची गोष्ट हे सगळं आटोपल्यावर सुरू होते. प्रिंट डेव्हलप झाला, हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात, फिक्स झाला, नीट धुतला. आता दिवा लावायला हरकत नाही. पहिल्या ट्रेमध्ये पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडचं पिवळं ब्लीच. प्रिंट आत सोडला की आधी उजळ भाग जातात, गाल, कपाळ, पांढरा सदरा. मग हळूहळू केस आणि सावल्या. दोन-चार मिनिटांत माणूस निघून जातो आणि गवताच्या रंगाचं भूत उरतं. चांदीचं परत सिल्व्हर ब्रोमाइड झालेलं असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. पिवळेपणा जाईपर्यंत धुवायचं आणि सोडियम सल्फाइडच्या ट्रेमध्ये टाकायचं. काही सेकंदांत माणूस परत येतो, तपकिरी होऊन.

सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो. मी पहिल्यांदा हे गच्चीवर केलं तेव्हा खालच्या काकू जिन्यातून ओरडल्या, "अहो, अंडी आणलीत की काय वर?" एकादशी होती. तो वायू विषारी आहे, त्यामुळे बंद खोलीत हा उद्योग करूच नये. शिवाय त्याच्या वाफेने न वापरलेला कागदही काळवंडतो. हल्ली मी थायोयुरिया वापरतो. वास नाही, आणि त्यातला कॉस्टिक सोडा कमी-जास्त करून तपकिरी हवा तसा फिरवता येतो: सोडा जास्त तर गडद, कमी तर पिवळसर.

या फोटोत आता चांदी नाही, सिल्व्हर सल्फाइड आहे. देव्हाऱ्यातलं निरांजन काळं पडतं आणि आपण ते सराफ्यात नेऊन उजळून आणतो, तो काळा थर हाच. सेपिया म्हणजे ठरवून, संपूर्ण आणि एकसारखी काळवंडवलेली चांदी. जी आधीच काळवंडली तिला हवा आणखी काय करणार? सेपिया टिकतो तो यामुळे.

गंमत अशी की आजोबांचा फोटोही सल्फाइडनेच पिवळा पडलाय. ज्या कुणी तो छापला त्याने हायपो नीट धुतला नव्हता. कागदात अडकलेल्या हायपोतलं गंधक वर्षानुवर्षं चांदी खात राहिलं. म्हणून फेट्याचे बारीक पदर उडालेत, पांढरं पिवळं झालंय आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा तपकिरी उमटलाय. रसायन तेच, पण कुणी न बोलावलेलं.

इंदुरात जुन्या फोटोंचा विषय निघाला की छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचं नाव येतंच. ते इथल्या बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७० च्या दशकात इथेच कॅमेऱ्याकडे वळले. त्या काळच्या अल्ब्युमेन छपाईतला तपकिरीही सेपिया नव्हे. अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर दिलेला कागद उन्हात धरून चित्र उमटवायचे, आणि लालसर झाक सोन्याच्या क्षाराने जांभळटाकडे न्यायचे. काकूंना हे सांगितलेलं नाही.

तपकिरी कागदाचा की टोनरचा, म्हणजे छपाईनंतर रंग बदलणाऱ्या रसायनाचा, हा संशय स्वतःच्या प्रिंटबद्दल उरलाच तर वाया गेलेल्या तुकड्यावर ब्लीचचा एक थेंब टाकावा. वॉर्म टोन तिथे फिका पडतो. पूर्ण झालेला सेपिया ढिम्म हलत नाही.

आता माझी चूक. भावाला खूश करायचं म्हणून मी चिंगीचा नवा प्रिंट वॉर्म टोन कागदावर काढला आणि वर सेपियाही केला. ऊब अधिक ऊब, असा हिशोब. पोरगी हळदीचं दूध सांडल्यासारखी दिसू लागली. बारीक कणांचं सल्फाइड आणखी पिवळं दिसतं, हे मला ठाऊक असूनही आठवलं नाही. सेपियाला थंड, साधा ब्रोमाइड कागदच मानवतो. त्यावर चॉकलेटी येतो. सेलेनियम टोनरचं बरोबर उलटं: वॉर्म कागदावर वांग्याच्या सालीसारखी लालसर-जांभळी झाक, आणि थंड कागदावर जेमतेम फरक.

शेवटी आजोबांच्या फोटोची कॉपी केली, ब्रोमाइड कागदावर जरा गडद छापली, कारण सेपियात थोडा गडदपणा कमी होतो, आणि टोन केली. फेट्याचे उरलेसुरले पदर स्वच्छ आले. भावाने ती खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली.

"छान आहे," तो म्हणाला. "पण तो अंगठा कुठे गेला?"