टोक आत की बाहेर?

‘तीनपेक्षा मोठी अशी सर्वांत लहान संख्या कोणती?’ हा प्रश्न केवळ पूर्णांकांपुरता विचारला, तर चार हे उत्तर चटकन देता येते. पण अपूर्णांकांनाही मुभा दिली की उत्तर हाती लागत नाही. ३.१ म्हणावे तर ३.०१ त्याहून लहान असते, ३.०१ म्हणावे तर ३.००१ असते, कोणतीही संख्या पुढे केली, तरी तिची आणि तीनची सरासरी त्या दोहोंच्या मध्ये येऊन बसते. अशी सर्वांत लहान संख्या मुळी अस्तित्वातच नाही, आणि म्हणूनच अंतराल लिहिताना दोन प्रकारचे कंस लागतात.

अंतराल म्हणजे संख्यारेषेचा सलग तुकडा. टोकाची संख्या त्यात धरायची असेल तर चौकटी कंस आणि वगळायची असेल तर साधा कंस वापरतात. त्यामुळे ३ < क्ष ≤ ७ ही असमानता (३, ७] अशी लिहिली जाते. तुकडा एका बाजूला संपतच नसेल तर तिकडे ∞ हे चिन्ह येते आणि त्याला कायम साधाच कंस लागतो, कारण अनंत ही वास्तव संख्या, म्हणजे संख्यारेषेवरची संख्या, नाही. फ्रेंच परंपरेत साध्या कंसाऐवजी उलटा चौकटी कंस, म्हणजे ]३, ७], असा वापरतात. दिसायला तो विचित्र वाटतो खरा, पण (३, ७) हा अंतराल आहे की प्रतलावरील बिंदूचे निर्देशक, असा घोळ त्यात होत नाही.

टोक वगळणे म्हणजे नेमके काय, हे [०, १) या अंतरालात चांगले कळते. त्यात ०.९, ०.९९, ०.९९९ या सर्व संख्या आहेत. मात्र नऊचा अंक अखंड चालू राहणारी ०.९९९… ही संख्या त्यात नाही, कारण ती १ च्या जवळची संख्या नसून १ हीच संख्या आहे.

< आणि > ही चिन्हे थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात प्रथम दिसतात. असमानता सोडवण्याची रीत बहुतांशी समीकरणासारखीच असते, फक्त ऋण संख्येने गुणले की चिन्ह उलटते: २ < ५, पण −२ > −५. ऋण संख्येने गुणणे म्हणजे संख्यारेषा शून्याभोवती फिरवून उलट करणे होय, त्यामुळे डावे-उजवे बदलणारच. नियम सगळ्यांना पाठ असतो. चूक होते ती गुणक ऋण आहे की नाही हेच ठाऊक नसते तेव्हा. १/क्ष > १ या असमानतेला क्ष ने गुणून १ > क्ष असे उत्तर काढले, तर त्यात −५ सुद्धा येतो, आणि −१/५ तर १ पेक्षा मोठा नाही. क्ष धन असला पाहिजे हे आधी ओळखले की (०, १) हे बरोबर उत्तर मिळते.

आता क्ष² < २ ही असमानता घेऊ. १.४ चालतो, १.४१ आणि १.४१४ हेही चालतात, १.४१५ मात्र चालत नाही. मग टोक कोठे आहे? ज्याचा वर्ग नेमका २ येईल असा एकही अपूर्णांक नाही. परिमेय संख्या, म्हणजे पूर्णांक आणि अपूर्णांक, रेषेवर इतक्या दाट असतात की कोणत्याही दोहोंमध्ये अगणित सापडतात, तरीही तिथे एक छिद्र उरतेच. रिचर्ड डेडेकिंड या जर्मन गणितज्ञाने १८७२ मध्ये अशा छिद्रांचा विचार मुळापासून केला. परिमेय संख्यांचे डावा आणि उजवा असे दोन गट केले, आणि डावीकडची प्रत्येक संख्या उजवीकडच्या प्रत्येकीपेक्षा लहान असली, तर त्या छेदावर एक संख्या आहे असे मानायचे. ती परिमेय नसेल, तर तो छेदच तिची ओळख. वास्तव संख्या म्हणजे छिद्रे भरलेली ही रेषा. नुसत्या परिमेय संख्या हाताशी असत्या, तर क्ष² < २ च्या उत्तराला साधा कंस लावावा की चौकटी, हा प्रश्नच उद्भवला नसता, कारण कंसाला लागून लिहायला टोकच नव्हते. वास्तव संख्यांमध्ये ते मिळते, आणि उत्तर (−√२, √२) असे लिहिता येते.