ट्रकच्या केबिनमधील हीटर : दोषनिदान

इंजिनाच्या उष्णतेवर चालकाची केबिन गरम ठेवणाऱ्या यंत्रणेतील बिघाड ओळखण्याची पद्धत. या यंत्रणेच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. मार्गारेट विल्कॉक्स यांना 1893 मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटचा दाखला अनेकदा दिला जातो. परंतु ते रेल्वेच्या डब्यांसाठी होते, त्यामुळे मोटारीच्या हीटरचा आरंभ तेथे मानणे ओढाताणीचे वाटते. सुरुवातीच्या मोटारींत धुराड्याच्या नळीभोवती तापलेली हवा आत घेत. नळीला भेग पडल्यास कार्बन मोनॉक्साइड आत येई. रेडिएटरचे गरम पाणी वापरणारी आजची रचना साधारणतः 1930 च्या सुमारास रुळली असावी. बाहेरची ताजी हवा तापवून आत सोडणारी नॅश कंपनीची यंत्रणा 1938 मधील आहे.

ट्रकमध्ये इंजिनातील गरम कुलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डमागील बारीक नळ्यांच्या छोट्या जाळीत फिरते आणि ब्लोअर, म्हणजे पंखा, त्यावरून हवा ढकलतो. इंजिन तापल्यावर, हीटर पूर्ण उघडून, या दोन पाइपांजवळ हात नेला की निम्मे निदान होते. येणारा पाइप गरम व परतणारा गार असेल, तर बहुधा जाळी तुंबलेली असते. दोन्ही गार असल्यास पाणी कमी, हवा अडकलेली, हीटरचा कॉक बंद किंवा थर्मोस्टॅट (कुलंट तापल्यावरच त्याला रेडिएटरकडे जाऊ देणारा भाग) उघडा अडकलेला. दोन्ही गरम असूनही वारा गार येत असेल, तर दोष गरम-गार हवा वळवणाऱ्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये असतो. काचेवर चिकट वाफ आणि गोडसर वास ही जाळी गळत असल्याची खूण. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. ब्लोअरच बंद असल्यास फ्यूज, रेझिस्टर (पंख्याचा वेग ठरवणारा भाग) व मोटर तपासावी.

मराठवाड्यात या बिघाडाचे मूळ बहुतेकदा उन्हाळ्यात असते. पारा 42 अंशांवर गेला आणि गाडी तापू लागली, की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत अनेक गॅरेजांत आहे. तो सामान्यतः 80 अंशांच्या आसपास उघडतो. तोच नसल्याने हिवाळ्यात इंजिन पुरेसे तापत नाही, तापमानाचा काटा घाटात चढतो आणि सपाटीला लागताच खाली येतो. हीटरची जाळी बदलूनही मग फरक पडत नाही. दुसरे कारण पाण्याचे. बेसाल्ट खडकातील बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. कुलंटऐवजी तेच भरत गेल्यास जाळीच्या बारीक नळ्यांत चुना बसतो. अशी जाळी कमी दाबाने उलट्या दिशेने धुवावी. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने ती फुटू शकते. गळकी जाळी वगळून दोन्ही पाइप एकमेकांना जोडण्याचा तात्पुरता उपायही सर्रास दिसतो. जुनी गाडी घेताना हा जोड आधी पाहावा.

स्थानिक वाहतुकीत हीटरची गरज थोडेच आठवडे भासते, जरी परभणीचा पारा काही हिवाळ्यांत 5 अंशांखाली उतरतो. जालना परिसरातील मोसंबी घेऊन जानेवारीत दिल्लीकडे निघालेल्या गाड्यांत मात्र बिघाड उघडा पडतो. अशा वेळी बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी पेटवणे जीवघेणे ठरते.

1 ऑक्टोबर 2025 पासून उत्पादित होणाऱ्या एन-2 व एन-3 वर्गातील (एकूण वजन साडेतीन टनांहून अधिक असलेल्या) ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे. एअरकंडिशनर व हीटर एकाच पेटीत असल्यास जाळीपर्यंत पोहोचण्यासाठी अनेकदा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.