पॅकेट पुढे घुसलं की मागे राहिलं? रिऑर्डरिंग मोजण्यामागची पार्श्वभूमी

इंटरनेटवर डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, जातो. ती पोहोचवणाऱ्या आयपी या नियमसंचाने क्रमाची हमी कधीच दिली नव्हती; हा क्रम उलटणं म्हणजे रिऑर्डरिंग. क्रम लावून घेणं हे आयपीवर चालणाऱ्या टीसीपीचं काम, अशी विभागणी १९८१ पासूनच आहे. प्रश्न बोचायला लागला तो फास्ट रिट्रान्समिट, म्हणजे हरवलेलं पॅकेट लवकर पुन्हा पाठवण्याची टीसीपीची युक्ती, आल्यावर. घेणारा पोच (अ‍ॅक) पाठवतो; मधलं पॅकेट आलेलं नसेल तर जुनीच पोच पुन्हा जाते, ती डुप्लिकेट अ‍ॅक. तीन डुप्लिकेट अ‍ॅक आले की पाठवणारा पॅकेट हरवलं असं धरून चालतो, तेच पुन्हा पाठवतो आणि वेगही कमी करतो. पॅकेट हरवलेलं नसून नुसतं रेंगाळलेलं असलं तरी शिक्षा तीच.

१९९४-९५ मध्ये ३५ ठिकाणांदरम्यान सुमारे २०,००० टीसीपी ट्रान्सफर तपासले गेले. पहिल्या फेरीत ३६ टक्के कनेक्शनमध्ये निदान एक तरी पॅकेट क्रम सोडून आलं होतं. वर्षभरानंतरच्या फेरीत १२ टक्के. डेटा पॅकेटांच्या हिशेबात मात्र हेच आकडे २ आणि ०.३ टक्के भरतात. काही दोष अस्थिर रूटिंगकडे, म्हणजे पॅकेटांच्या वाटा ठरवण्याकडे, गेला. राउटर रूटिंगचे बदल पचवताना क्षणभर थबकतो आणि मग तुंबलेली पॅकेटं नव्या पॅकेटांत मिसळून सोडतो, असंही दिसलं.

१९९९ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका मोठ्या एक्स्चेंजमधून, म्हणजे वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणातून, पिंग (पोहोच तपासणारी छोटी पॅकेटं) पाठवून केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. तीत ९० टक्क्यांहून अधिक सत्रांत उलटापालट सापडली. कारण रूटिंग नव्हतं. स्विचच्या आत आणि दोन स्विचच्या मध्ये समांतर लिंक होत्या, आणि लागोपाठची पॅकेटं त्यांवर वाटली जात होती. एका रांगेत जास्त गर्दी असली की मागचं पॅकेट शेजारच्या रांगेतून पुढे निघतं. म्हणजे यंत्रणा बिघडल्यामुळे नव्हे, ती नीट चालल्यामुळेच क्रम बिघडत होता. १२ आणि ९० या आकड्यांची तुलना अजूनही होते. ती करू नये. १९९९ च्या मोजणीत पिंगचा मारा एकाला एक चिकटून होता, आणि दोन पॅकेटांमधलं अंतर वाढवलं की रिऑर्डरिंगची शक्यता झपाट्याने घटते, हे २००२ च्या मोजणीने दाखवलं.

आता शब्दाचा गुंता. पॅकेटं १, २, ३, ७, ४, ५, ६ अशी आली. क्रम कुणी मोडला? साध्या नजरेला ७ ने. पण इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेतल्या २००६ च्या आरएफसी ४७३७ नुसार ७ निर्दोष आहे आणि ४, ५, ६ ही तिन्ही 'रिऑर्डर्ड'. नियम असा: आतापर्यंत आलेल्या सर्वात मोठ्या क्रमांकाच्या पुढचं पॅकेट योग्य, त्याहून लहान क्रमांकाचं उशिरा आलेलं. मोजणाऱ्याला एकच आकडा लक्षात ठेवावा लागतो आणि मधलं पॅकेट हरवलं तरी हिशेब कोसळत नाही. सोय मोठी आहे, हे मान्यच.

पण १, २, ४, ५, ६, ७, ३ हा क्रम घ्या. इथे रिऑर्डर्ड पॅकेट एकच, ३. तरीही ४, ५ आणि ६ मुळे तीन डुप्लिकेट अ‍ॅक जातात आणि टीसीपी फसतो. आधीच्या उदाहरणात दोषी तीन, पण डुप्लिकेट अ‍ॅक एकच, त्यामुळे नुकसान शून्य. टक्केवारी एकीकडे, परिणाम दुसरीकडे. त्याच दस्तऐवजात यावर उपायही आहे: पॅकेटच्या लगेच आधी सलग किती मोठ्या क्रमांकाची पॅकेटं आली ते मोजा. माझ्या मते खरं मोजमाप हेच; पण सेवा-कराराच्या कागदात पोहोचते ती नुसती टक्केवारी.

२००८ च्या आरएफसी ५२३६ ने दुसरी वाट धरली: प्रत्येक पॅकेट आपल्या जागेपासून किती सरकलं, लवकर असो वा उशिरा, त्याचं वितरण मांडायचं. पहिल्या उदाहरणात ७ तीन जागा लवकर, बाकी तिघं एकेक जागा उशिरा. चित्र अधिक खरं. पण एक पॅकेट हरवलं की मागची सगळी जागा सोडतात, म्हणून कुठल्या मर्यादेनंतर हरवलं मानायचं हे आधी ठरवावं लागतं. मानकाचा मान ४७३७ ला मिळाला, ५२३६ माहितीपर राहिलं.

दरम्यान बॅकबोनच्या (इंटरनेटच्या मुख्य वाहिन्यांच्या) मधोमध मोजणाऱ्यांची अडचण वेगळीच होती. क्रम सोडून दिसलेलं पॅकेट वाटेत रेंगाळलं की पुन्हा पाठवलेलं? २००३ मध्ये आयपी आयडी (पॅकेटवरचा ओळख क्रमांक) आणि वेळेचं अंतर पाहून छाननी केली, तेव्हा बहुतेक पॅकेटं पुन्हा पाठवलेलीच निघाली.

२०२१ मध्ये दोन गोष्टी बदलल्या. रॅक या टीसीपीच्या हरवलेली पॅकेटं ओळखण्याच्या नव्या पद्धतीने अ‍ॅक मोजण्याऐवजी वेळ मोजायला घेतली. सुरुवातीची सवलत सर्वात कमी आरटीटीच्या (जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या) एक-चतुर्थांश, पुढे गरजेनुसार जास्त. आणि टीसीपीच्या जागी वापरता येणारं क्विक प्रमाणित झालं. त्यात पॅकेट क्रमांक कधी पुन्हा वापरला जात नाही, त्यामुळे रेंगाळलेलं की पुन्हा पाठवलेलं हा वरचा घोळ मिटला. पण क्रमांकच झाकलेला असल्याने मधल्या निरीक्षकाला आता काहीच दिसत नाही.

डेटा सेंटरमध्ये तर क्रम मोडणं हेच धोरण होत चाललं आहे. एक फ्लो (एका कनेक्शनची पॅकेटं) एकाच वाटेवर ठेवायचा ही हॅशिंगची, म्हणजे पत्त्यांवरून वाट ठरवण्याची, जुनी शिस्त. पण एआय प्रशिक्षणात फ्लो थोडे आणि अवाढव्य, दोन एकाच लिंकवर आले की बाकीच्या लिंक रिकाम्या. म्हणून एकेक पॅकेट वेगवेगळ्या वाटांवर फवारतात. तिथे किती टक्के उलटले हे विचारण्यात अर्थ नाही. प्रश्न असतो तो रिसीव्हरने क्रम लावण्यासाठी किती जागा (बफर) राखायची याचा, आणि आरएफसी ५२३६ मधली दुसरी, तेव्हा फारशी न गाजलेली मोजणी बफर किती भरतो हीच होती.