पाणी कमी होणं वेगळं, पाणी जाणं वेगळं

‘सिस्टर, परवाच्या सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी ११ आलंय. मग पाणी जातंय असं कसं म्हणता?’ मुंबईत लेबर रूममध्ये वीस वर्षं काढली, पण हा प्रश्न ऐकला नाही असा आठवडा गेला नाही. रिपोर्टातला आकडा घरात सगळ्यांना पाठ असतो आणि त्याच्या भरवशावर बाईला घरी बसवून ठेवतात.

पाणी कमी होणं बहुतेकांना माहीत असतं. सोनोग्राफीत पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येकातल्या पाण्याची खोली मोजायची आणि बेरीज करायची. ५ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी आलं तर कमी. वारेतून बाळाला रक्त कमी पोचलं, आईचं बीपी वाढलं, दिवस उलटून गेले, अशी त्याची कारणं. बाईला त्यात काही जाणवतंच असं नाही. भरपूर पाणी प्यायल्यावर आकडा थोडा वाढू शकतो. त्यासाठी साधं पाणी पुरतं, शहाळ्यांवर पैसे घालवू नका.

पाणी जाणं म्हणजे पाणमोटीला, बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला, चीर पडून पाणी बाहेर येणं. सिरियलमध्ये दाखवतात तसा दर वेळी लोंढा येत नाही. चीर वरच्या बाजूला असली की थेंब थेंब येतं. आणि लोक चुकतात ते इथेच: पाचव्या महिन्यानंतर पोटातलं पाणी ही मुख्यतः बाळाचीच लघवी असते. बाळ ती करतच राहतं. थोडं गळतं, थोडं भरतं, त्यामुळे सोनोग्राफीत आकडा चांगला दिसू शकतो. त्या आकड्यावरून पाणमोट शाबूत आहे असं कुणालाच सांगता येत नाही. ते तपासूनच कळतं.

विक्रोळीची एक मुलगी आठवते. बत्तिसावा आठवडा. दोन दिवस गाऊन बदलत होती आणि सासूबाई शहाळी आणत होत्या. आली तेव्हा अंगात ताप होता, परकर मागून चिंब. वेळेवर आली असती तर अँटिबायोटिक आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देऊन बहुधा काही दिवस मिळाले असते. जंतुसंसर्ग झाल्यावर थांबता येत नाही. बाळंतपण त्याच रात्री करावं लागलं.

अंगावरून पांढरं जातं ते चिकट असतं. लघवीला वास येतो आणि ती आवळून धरता येते. हे पाणी पातळ असतं आणि धरता येत नाही. शंका आली तर लघवी करून या, कोरडा पॅड लावा, अर्धा तास आडव्या पडा, मग उभ्या राहा. पॅड भिजला तर निघा. भिजला नाही पण मनात शंका उरली, तरी निघा. पाणी हिरवट किंवा लालसर दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, नाहीतर ३७ आठवडे भरलेले नसले, तर ही परीक्षासुद्धा करत बसू नका. लोकलच्या गर्दीत शिरू नका, रिक्षा-टॅक्सी करा किंवा १०८ ला फोन लावा. पाणी किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. आणि तो पॅड फेकू नका. पिशवीत घालून आणा, आम्हाला रंग बघायचा असतो.