धुरात घडलेले सोने: गुब्बियोची मायोलिका

इटलीच्या उम्ब्रिया भागात माँते इंजिनो या डोंगराच्या उतारावर गुब्बियो हे दगडी गाव वसले आहे. गावात रेल्वे जात नाही. रोम–आंकोना मार्गावरच्या फोस्सातो दी विको स्थानकावर उतरायचे आणि पुढचे सुमारे २० किलोमीटर बसने जायचे. चौदाव्या शतकातला पालाझ्झो देई कोन्सोली, म्हणजे गावाच्या कारभाराची जुनी इमारत आणि आताचे संग्रहालय, दुरूनच दिसू लागतो. तिथले सात प्राचीन ब्राँझचे लेख पाहून पुष्कळ प्रवासी परततात. त्यांनी मायोलिकाच्या, म्हणजे पांढऱ्या झिलईवर रंगवलेल्या मातीच्या ताटांपुढे आणखी पंधरा मिनिटे काढली, तर पाचशे वर्षांपूर्वीचे पदार्थविज्ञान डोळ्यांनी पाहता येते. फक्त १५ मे टाळावा. त्या दिवशी ‘फेस्ता देई चेरी’ या उत्सवासाठी (चेरी म्हणजे इथे फळ नव्हे, खांद्यावरून मिरवायचे उंच लाकडी स्तंभ) सारे गाव रस्त्यावर असते आणि निवांतपणे काही बघणे अशक्य होते.

ताटासमोर नुसते उभे राहू नका. समोरून पाहिले, तर त्यावरचा रंग पिवळट तपकिरी किंवा विटकरी वाटेल. मग दिव्याचे प्रतिबिंब ताटावर पडेल अशा बेताने दोन पावले बाजूला सरका, किंचित वाका. त्याच विटकरी पट्ट्यातून माणकासारखा लाल उजेड उसळतो आणि पिवळ्या भागावर सोन्याची झळाळी येते. या ताटांत सोने मात्र औषधालाही नसते. असते ते तांबे आणि चांदी, आणि तेही केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून पातळ थरात.

ही विद्या मुळात इटलीची नाही. नवव्या शतकात इराकमधल्या कुंभारांनी ती साधली. तिथून ती इजिप्तमार्गे स्पेनला आणि पुढे इटलीत आली. गुब्बियोत ती कळसाला नेली ती माएस्त्रो जोर्जो आंद्रेओली याने. तो माज्जोरे सरोवराकाठच्या इंत्रा गावचा. १४९८ मध्ये त्याला गुब्बियोचे नागरिकत्व मिळाले. त्याच्या हातच्या लाल रंगाची तोड इटलीत दुसरीकडे सहसा सापडत नाही.

ताट तीनदा भाजले जाते. पहिल्या भाजणीत, साधारण ९५० ते १००० अंश सेल्सिअसला, मातीचे पक्के खापर होते. मग ते झिलईच्या पातळ काल्यात बुडवतात. झिलई म्हणजे वाळू, शिशाचे ऑक्साइड, कथिलाचे ऑक्साइड आणि द्राक्षमद्याच्या पिंपाच्या तळाशी बसलेला गाळ जाळून केलेली राख. आपल्याकडे भांड्यांना कल्हई करतात ते हेच कथिल. इथे मात्र त्याचे ऑक्साइड बारीक कणांच्या रूपात काचेत अडकून राहते आणि झिलईला दुधासारखा पांढरेपणा देते. राखेतून पोटॅशियम मिळते, आणि तिसऱ्या भाजणीत सगळी मदार त्यावरच असते. या झिलईवर निळे, हिरवे, पिवळे चित्र रंगवून दुसरी भाजणी होते. इथवरचे काम इटलीत अनेक गावांना जमत होते.

तिसऱ्या भाजणीसाठीचा लेप अगदी ओबडधोबड दिसतो. तांबे गंधकाबरोबर जाळून केलेली पूड, चांदीची भस्मासारखी भुकटी, हिंगूळ आणि भरपूर गेरू किंवा तांबडी माती व्हिनेगरमध्ये खलतात आणि कुंचल्याने चकचकीत झिलईवर लावतात. गेरूचे काम वाहकाचे असते. तो धातूला पातळ पसरवून ठेवतो आणि स्वतः वितळत नाही, म्हणून नंतर पुसून काढता येतो. हिंगुळातला पारा भट्टीत वाफ होऊन उडतो. तो विषारी असतो, त्यामुळे जुनी कृती घरी करून पाहण्याच्या फंदात कुणी पडू नये.

आता भट्टी ६०० अंशांच्या आसपास नेतात. या तापमानाला झिलई वितळत नाही, पण इतकी सैल होते की तिच्यातले सुटे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, हलू शकतात. लेपातले तांब्याचे आणि चांदीचे आयन झिलईत शिरतात, आणि तेवढेच पोटॅशियम व सोडियम बाहेर पडते. जागांची ही अदलाबदल वरवरच्या जेमतेम एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) खोलीपर्यंतच होते. आत गेलेल्या आयनांना अजून चकाकी नसते. ती धुराने येते. भट्टीत हवा कमी करून जळण वाढवले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि तो मिळेल तिथून ऑक्सिजन ओढून घेतो. क्षपण होऊन, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून, आयनांचे धातूचे अणू बनतात आणि ते एकत्र येऊन काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) आकाराचे कण तयार होतात. इतक्या लहान कणांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांबीलाच एका तालात डोलतात आणि ती शोषून घेतात. चांदीचे कण जांभळा-निळा भाग शोषतात, म्हणून उरलेला प्रकाश सोनेरी दिसतो. तांब्याचे कण हिरवा-पिवळा भाग शोषतात, म्हणून रंग माणकासारखा येतो.

चिप्रियानो पिकोलपासो याने १५५७च्या सुमारास कुंभारकामावर ग्रंथ लिहिला. या भाजणीसाठी आधी विलो या झाडाच्या वाळलेल्या काटक्या आणि शेवटी जिनेस्त्राची सुकी झुडपे जाळायची, असे तो सांगतो. जिनेस्त्रा हे पिवळ्या फुलांचे, डोंगरउतारावर माजणारे झुडूप. शंभर नगांतले कधीकधी जेमतेम सहाच चांगले निघतात, असेही त्याने नोंदवून ठेवले आहे. हा आकडा वाचून अविश्वास वाटतो, पण काय काय बिघडू शकते ते पाहिले की पटतो. धग कमी पडली, तर आयन आत शिरतच नाहीत आणि धुतल्यावर फिकट डाग उरतो. जास्त झाली, तर झिलई मऊ होऊन गेरू तिला चिकटतो आणि खरखरीत खपली कायमची राहते. धूर कमी असेल, तर धातूचे कण बनत नाहीत आणि हिरवट किंवा रंगहीन छटा राहते. धूर अति झाला, तर झिलईतल्या शिशाचेच क्षपण होऊन पांढरे ताट करडे-काळे पडते. गरम भट्टीत हवा लवकर शिरली, तर तयार झालेली चकाकी मावळते. आणि एकाच भट्टीत वरच्या व खालच्या ताटांना धग आणि धूर सारखे मिळत नाहीत. म्हणून कारागीर मधूनमधून झरोक्यातून चिमट्याने नमुन्याचा तुकडा बाहेर काढून बघत.

भट्टी निवल्यावर बाहेर येणारे ताट पाहून निराशाच व्हावी. नक्षीच्या जागी जळक्या मातीचा काळपट थर बसलेला असतो. ताट राखेच्या क्षारयुक्त पाण्यात भिजवतात, मग फडक्यावर कोरडी राख घेऊन हलक्या हाताने घासतात. थर सुटू लागतो आणि त्याखालून, कुंचला फिरला होता नेमक्या त्याच रेषेत, चमक उघडी पडते. धातूचे कण काचेच्या अतिपातळ थराखाली असल्याने ते राखेने घासले जात नाहीत. घरातली चांदी काळी पडते, पण या ताटातली चांदी त्याच कारणाने पाचशे वर्षांनंतरही टिकून आहे.

गावातल्या दुकानात खरेदी करायची असेल, तर एक प्रश्न जरूर विचारा: ही चमक धुराच्या तिसऱ्या भाजणीतली आहे, की लस्टर नावाचा धातूचा तयार द्रव लेप लावून विजेच्या भट्टीत भाजलेली? दुसऱ्या प्रकारात धातूचा पापुद्रा झिलईच्या वर बसतो आणि घासणीने झिजतो. जुन्या किंवा जुन्या पद्धतीच्या ताटात लिंबू, चिंच, लोणचे वाढू नये. आंबट पदार्थात झिलईतले शिसे उतरू शकते. ते भिंतीवरच शोभते.

आणि संग्रहालयात मागची बाजू आरशात किंवा काचेच्या फळीखालून दाखवली असेल, तर ती चुकवू नका. उर्बिनो आणि कास्तेलदुरांतेचे चित्रकार दोनदा भाजलेली, पूर्ण रंगवलेली ताटे केवळ तिसऱ्या भाजणीसाठी गुब्बियोला पाठवत. म्हणून काही ताटांवर दोन हात सापडतात: पुढे चित्रकाराचा, आणि मागे जोर्जोच्या कार्यशाळेने त्याच चकाकणाऱ्या लेपात कुंचल्याने झरझर लिहिलेली अक्षरे आणि साल.